हर्षूचं हवामान

१० मार्च, सोमवार
धुळ्याहून परत. एस.टी. शिरपूरमार्गे. दवाखान्यात हर्षू शांत होती. डॉक्टर मॅडमशी हात मिळवला, वजनकाट्यावर तीनदा चढली, उतरली. सगळं झकास. येताना सोनगीरच्या पुढे आभाळ आलं, वारा दमट झाला आणि पोरगी पार बदलली. आधी कानांवर हात. मग ओढणी फेकली. मग डोकं खिडकीच्या दांडीवर. मी मध्ये हात घातला, बोटं सुजलीत. मागच्या सीटवरचा एक शहाणा म्हणे, "एवढी मोठी झाली, वळण नाही लावलं का?" मी म्हटलं, "तुम्हाला लावलं का कोणी?" कंडक्टरनं मला खाली बसवलं.

मॅडम आज तेच सांगत होत्या. ऑटिझम असलेल्या काही जणांना हवामानातला बदल फार लागतो. उकाडा, घाम, कपडा अंगाला चिकटणं, आभाळाचा तो पांढरा उजेड, झोपमोड. प्रत्येकाचं वेगळं. "नाना, नोंद ठेवा." नोंद! छत्तीस वर्षं सबस्टेशनला तासातासाला रीडिंग घेतली मी. आणि घरात बावीस वर्षं हे सुचलं नाही. शाबास.

१२ मार्च, बुधवार
वही आखली. रकाने: तापमान, दमटपणा, वारा, आणि ह. म्हणजे हर्षू, दहापैकी. शून्य म्हणजे गुणगुणतेय. दहा म्हणजे डोकं भिंतीवर. दमटपणाचं यंत्र केळीच्या रोपांच्या नर्सरीतून आणलं. नर्सरीवाला विचारतो, "नाना, केळी लावली का?" म्हटलं, पोरगी आहे घरात.

सौ. म्हणे, "एक रकाना तुमचा पण आखा. ढग आले की तुम्ही काय कमी असता?" आखला नाही.

१५ मार्च, शनिवार
आज सिंधूअक्का आल्या होत्या. तीन घरं सोडून गच्ची, तिथे त्यांचा बचत गट. ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड. बारा बाया. हर्षू परवा सौ.बरोबर गेली होती तर पोरीनं पाकिटं भरून दिली, एकेक काट्यावर अगदी बरोबर. अक्का म्हणाल्या, "हर्षूले रोज धाडा. तिना हात साफ शे. हंगाम संपू दे, मंग गटमा नाव लिखसूत."

गटात नाव. म्हणजे तेरावी बाई. म्हणजे आमच्या मागे तिला रोज जायला एक जागा, हाक मारायला बारा माणसं. सौ. आत जाऊन रडली. मी चहा ओतताना सांडला.

एकच अडचण. त्यांच्यातल्या विमलवहिनी दारात उभं राहून हळूच म्हणाल्या, "गच्चीवर तिनं डोकं आपटलं तर? आम्हाला भीती वाटते, नाना." खोटं नाही. ठरवलं: वाईट दिवस आधी ओळखायचा आणि त्या दिवशी तिला पाठवायचंच नाही. त्या बायांना वाईट दिवस दिसताच कामा नये.

२१ मार्च, शुक्र.
३७ अंश, दमटपणा १९. ह. ०. पाच दिवस सलग गेली. पहाटे बाया बिबड्यांसाठी ज्वारीचा घाटा शिजवतात तेव्हा ही नसते, वाफ आवडत नाही. नऊला जाते, वाळलेले बिबडे कापडावरून सोडवते, एकही मोडत नाही म्हणे. विमलवहिनींचे मोडतात. वहिनींना ते फारसं आवडलेलं नाही.

२६ मार्च, बुध.
दोन आठवड्यांची वही बघितली. चित्र स्वच्छ आहे. उन्हानं हिला काही होत नाही. उलट कडक कोरडं ऊन असलं की आम्ही भाजून निघतो आणि ही मजेत. पण पारा खाली आला, आभाळ आलं, दमटपणा चाळीसच्या वर गेला, की सकाळपासून ह. ५, ६. आधी गळ्याची पट्टी ओढते, मग कान. जगाच्या उलटं यंत्र आहे आमचं. पण यंत्राला नियम आहे! मला इतका आनंद झाला की दोनदा सौ.ला समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "हे मला माहीत होतं." मग बोलली का नाहीस? "तुम्ही विचारलं का?"

२७ मार्च
गळ्याच्या पट्टीचे कुर्ते बंद. माझे जुने सुती शर्ट, कॉलर काढून. कुलरचा घूं घूं आवाज तिला नको असतो, तो मागच्या खोलीत हलवला. ओला रुमाल मानेवर. ह. ५ वरून ३. साध्या साध्या गोष्टी. आधी केल्या असत्या तर, जाऊ दे.

२ एप्रिल, बुध.
सकाळी दमटपणा ४६. ह. ६. पाठवली नाही. अक्कांना कळवायला फोन केला, उचलत नाहीत, हात पिठात. मग गेटवर लाल फडकं बांधलं. सबस्टेशनला असताना लाईनवर माणूस असला की लाल झेंडी लावायचो, स्विचला हात लावू नका म्हणून. गच्चीवरून दिसतं. अक्कांना समजलं.

दुपारी दोनला वावटळ, मागून गारा. पलीकडच्या गल्लीतल्या बायांचे कापडासकट पापड गेले. आमच्या गटाचं मात्र काही गेलं नाही. हर्षू नाही म्हणून हात कमी पडले आणि त्यांनी आज जास्तीचं घातलंच नव्हतं, थोडं होतं ते लगेच उचललं. अक्का संध्याकाळी आल्या त्या हसत हसतच. "नाना, तुमनी पोर तं हवामान खातं शे!"

मला फार बरं वाटलं. लिहून ठेवतो, लाज कसली.

९ एप्रिल, बुध.
आता गल्ली फडक्याकडे बघून वाळवण घालते. फडकं नाही, घाला. फडकं आहे, थांबा. आज कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं विचारलं, "नाना, उद्या कसं?" मी म्हटलं, उद्या सकाळी सातला सांगतो. रुबाबात म्हटलं.

ह. १. तापमान ४१.

१३ एप्रिल, रवि.
परत एक अंदाज बरोबर आला. सकाळी फडकं, दुपारी चार थेंब. गच्चीवर मला टाळ्या. विमलवहिनींनी सुद्धा डबाभर कुरडया पाठवल्या. हर्षूनं त्या मोजल्या आणि परत डब्यात ठेवल्या.

२२ एप्रिल, मंगळ.
सौ.शी भांडण. ती म्हणे, "आज सकाळपासून चौघी दारात येऊन गेल्या. 'हर्षू कशी शे?' चौघींनी विचारलं. एकीनं तरी आत जाऊन तिच्याकडे बघितलं? त्यांना बिबड्यांचं पडलंय." मी म्हटलं, अगं पण नाव झालं की पोरीचं. "नाव तिचं झालं की तुमचं?"

डोकं फिरलं. बाहेर जाऊन बसलो. आभाळ होतं. हर्षू आली, शेजारी बसली, कानांवर हात. मीही बसलो तसाच. बरं वाटलं.

२३ एप्रिल
रकाना आखला. ना. म्हणजे नाना. कालचा ना. ७. आकडा सौ.नं दिला.

१ मे, गुरु.
आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. गल्लीत माहेरवाशिणी, झोके, गाणी. हर्षूला झोका म्हणजे जीव की प्राण, तासभर उतरली नाही. एक पाहुणी विचारते, "हीच का ती पाऊस सांगणारी?" हर्षूनं झोका थांबवला, घरात निघून गेली. ऊन लागलं असेल.

३ मे, शनि.
तापमान ४४, दमटपणा ११. ह. ६.

जमत नाही. अशा हवेत ही शून्यावर असते. यंत्र तपासलं, बॅटरी बदलली. तेच. तरी फडकं लावलं. काहीतरी येतंय, माझ्या यंत्राआधी तिला कळलं असणार.

४ मे, रवि.
४४, १०. ह. ७. जेवली नाही. उजव्या कानावर हात, गालावर चापट्या मारून घेते. आभाळ निळंशार. फडकं तसंच. अक्कांनी गच्चीवरून ओरडून विचारलं, "नाना, ढग कोठे शेत?" म्हटलं, थांबा जरा. येईल.

५ मे, सोम.
४५. ह. ८. सौ. म्हणे डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, मॅडमनीच सांगितलंय ना हवेनं होतं म्हणून. कानाचा त्रास म्हणजे हवेचा दाब. मोबाइलवर दाब बघितला, किंचित खाली. बघ म्हटलं! दाबाचा नवा रकाना आखला. फडकं.

६ मे, मंगळ.
आज लिहायला हात उचलत नाही, तरी लिहितो.

सकाळी हर्षूनं पाण्याचा पेला फेकला. सौ.नं तिचं डोकं मांडीवर घेतलं, गाणं म्हणत म्हणत तोंड उघडायला लावलं, मोबाइलचा उजेड आत टाकला. उजवीकडे मागे हिरडी टम्म सुजलेली. अक्कलदाढ. चार दिवस. चार दिवस पोरगी गाल दाखवत होती आणि मी आभाळ बघत होतो.

छत्तीस वर्षं नव्या पोरांना मीच शिकवलं. तक्रार आली की लगेच खांबावर चढू नका, आधी ज्याच्या घरी अंधार आहे त्याच्या घरात जा, त्याला विचारा. आणि माझ्या घरात अंधार होता तर मी रकाने आखत बसलो. अक्कलदाढ तिला आली, अक्कल मला यायला पाहिजे होती.

दातांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सूज उतरली की दाढ काढू म्हणाले. तिथे खुर्चीत ती माझा हात धरून बसली. माझाच हात धरला. मला तिथेच रडू आलं.

तिकडे गटाची भिजवलेली ज्वारी. तीन दिवस भिजली की चौथ्या दिवशी ती शिजवावीच लागते, थांबत नाही. माझ्या फडक्यापायी दोन दिवस जास्त थांबली. अक्का गेटवर येऊन, "बठ्ठी जवारी आंबी गयी, नाना! वास मारी राह्यनी!" मी म्हटलं, चूक माझी. विमलवहिनी मागे होत्या, म्हणाल्या, "पोरीचा काही भरवसा नाही हेच मी सांगत होते." मी म्हटलं, "पोरीनं काहीच सांगितलं नव्हतं, वहिनी. सांगितलं मी." त्या गेल्या. नाव लिहिण्याचं आता कोणत्या तोंडानं विचारू?

७ मे, बुध.
ह. ४. भात खाल्ला, ताकात कालवून. अक्कांकडून काही निरोप नाही.

सकाळी उठून बघतो तर गेटवर फडकं नाही. हर्षूनं सोडलं, धुतलं, आणि फरशी पुसायच्या बादलीत टाकलं. मला वाटलं होतं रागानं फाडेल. नाही. सरळ पुसायला लागली. योग्य जागी गेलं.

९ मे, शुक्र.
मॅडमना फोन केला, सगळं कबूल केलं. वाटलं झापतील. म्हणाल्या, "हवामान हे एक कारण आहे, नाना. सगळी कारणं नव्हेत. नोंद छान ठेवलीत. फक्त जिची नोंद, तिला विचारायचं राहिलं." कसं विचारू? कसं वाटतंय म्हटलं की ती म्हणते "वाटतंय." सौ. बाजूला ऐकत होती.

दुपारी सौ.नं पुठ्ठ्यावर बाईचं चित्र काढलं. डोकं, कान, गाल, मान, पोट. चित्र भयंकर आहे, भोपळ्याला हातपाय फुटल्यासारखं. शेजारी टिकल्यांचं पाकीट ठेवलं. "हर्षू, कुठे नको वाटतंय? तिथे टिकली लाव." हर्षूनं चित्र उलटंसुलटं बघितलं. मग एक लाल टिकली घेतली आणि बरोब्बर गालावर. मग माझ्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत. ती असं वर्षातून दोनचारदा बघते.

१४ मे, बुध.
दाढ काढली. भूल देण्याआधी तिनं टिकलीनं जागा दाखवली डॉक्टरांना. पुठ्ठा दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, सगळे पेशंट असे असते तर बरं झालं असतं.

१८ मे, रवि.
पाच दिवसांच्या टिकल्या. एक दिवस कान (बाजूला बोअरवेलचं मशीन). एक दिवस पोट (कैरी, सात फोडी). दोन दिवस काहीच नाही. आज मान आणि कपाळ, आणि बाहेर खरंच ढग. म्हणजे वही खोटी नव्हती. अर्धीच होती.

ना. ५. सौ. म्हणते तुम्ही पण लावा. लावली, माझ्याच कपाळावर. हर्षू हसली. मोठ्यानं हसली.

२० मे, मंगळ.
नऊ वाजता हर्षू चप्पल घालून दारात उभी. "अक्का." मी म्हटलं, बाळा, थांब, त्या रागावल्यात. "अक्का," परत. बोलावणं नाही, काही नाही, कशी पाठवू? सौ.नं दार उघडलं.

मी लांबून मागे गेलो. ती गच्चीवर चढली, काट्यापाशी बसली, पाकीट उघडलं, भरायला लागली. अक्कांनी हातातलं काम थांबवलं. मग म्हणाल्या, "ये माय, तुनाबिगर बठ्ठं तुकडातुकडा व्हई राह्यनं." आणि सोडवायचे बिबडे तिच्यापुढे सरकवले.

मी जिन्यातच बसलो. 

२६ मे, सोम.
रोज जाते आहे. सकाळी पुठ्ठा, मग शर्ट निवडणं, मग ओला रुमाल. वहीत मी आता पहिला रकाना तिचा ठेवलाय आणि हवा नंतर. दूधवाला अजून विचारतो, उद्या कसं. म्हटलं आभाळाकडे बघ, तुला पण डोळे आहेत.

२९ मे, गुरु.
आज सकाळी दमटपणा ६१. या वहीतला सगळ्यात वरचा आकडा. वारा पडलेला, आभाळ कोंडलेलं, माझंच डोकं ठणकत होतं. टिकल्या: कान, मान, कपाळ. तिन्ही. तरी चप्पल पायात. मी दारात आडवा झालो. सौ.नं माझी बाही धरली. "तिनं सांगितलंय तिला कुठे होतंय. जाऊ नको असं नाही सांगितलं."

गेली. अकराच्या सुमाराला गच्चीवरून ते मोठं गुणगुणणं ऐकू आलं. मला ते माहीत आहे, त्याच्या पुढे काय येतं तेही. धावत गेलो. वर पोचलो तेव्हा हर्षू पाण्याच्या टाकीपाशी, डोकं टाकीवर, एक, दोन. आणि विमलवहिनी. त्याच. त्यांनी मध्ये उशी धरली होती. मी बावीस वर्षं हात घालत आलो, यांना पहिल्या दिवशी उशी सुचली. दुसरीनं गाण्यांचा स्पीकर बंद केला. कोणी ओरडलं नाही. कोणी पळालं नाही. मला अक्कांनी हातानंच थोपवलं, लांब राहा.

हर्षू टाकीला पाठ लावून बसली. टाकी गार असते. वीस मिनिटं. मग उठली, तोंड धुतलं, काट्यापाशी गेली. एक पाकीट तिनं पुन्हा मोजलं, कारण मधल्या वेळात दुसऱ्या कोणी भरलं होतं. जास्त निघालं. तिनं चार बिबडे बाहेर काढले. बाया हसल्या, वहिनी सगळ्यात जास्त.

म्हणजे ज्या दिवसाला मी अडीच महिने लपवत होतो, तो त्यांनी बघितला. आणि जेवायच्या वेळी सगळ्या तिच्याच शेजारी बसल्या.

३१ मे, शनि.
हंगामाचा शेवटचा दिवस. पावसाळ्यात गटाचं काम आत, अक्कांच्या पडवीत: केळीचे वेफर, पॅकिंग. दमट हवा, तेलाचा वास, पत्र्यावर आवाज. तिच्यासाठी सगळं अवघड. मला माहीत आहे. तिलाही आहे, पुठ्ठ्यावर दोन दिवस टिकल्यांची गर्दी.

संध्याकाळी अक्का गटाची वही काखेत घेऊन आल्या. बारा नावांखाली जागा सोडलेली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाना, लिखू का नाव?"

तोंडापर्यंत हो आलं होतं. गिळलं. म्हटलं, "मला काय विचारता? ती बसलीय ना समोर."

अक्का तिच्यापुढे खाली बसल्या. "हर्षू, पावसायामा येशी का कामले? रोज?"

हर्षूनं रुमालानं मान पुसली. दाराबाहेर बघितलं, आभाळाकडे, बराच वेळ. मग अक्कांच्या वहीकडे. आणि म्हणाली, "बघू."

शाळेत, नात्यात, नोकरीच्या चौकशीत, बावीस वर्षं हा शब्द आम्ही तिच्याबद्दल ऐकत आलो. तिच्या तोंडून आज पहिल्यांदा. सौ. माझ्याकडे बघायला लागली, मी सौ.कडे.

अक्कांनी पेन बंद केलं, म्हणाल्या, "बरं माय, तू देख." जागा तशीच मोकळी ठेवून गेल्या आहेत.